मोठे अक्षर

लेखनाच्या व्यवसायात नामाइतकी निरुपद्रवी दिसणारी आणि नामाइतकी घातक अशी दुसरी वस्तू नसेल. विशेषण लावताना आपण थोडा तरी विचार करतो. क्रियापद चुकले तर ते कानाला खटकते. नाम मात्र आपण माळ्यावरच्या वडिलोपार्जित भांड्यासारखे खाली काढतो आणि न घासताच पंगतीत मांडतो. एखाद्या व्यक्तीचे नाव चुकले तर ती व्यक्ती तत्काळ आपला कान धरते. एका सबंध समाजाचे नाव चुकले तर कान कोणी धरावयाचा? त्यातून तो समाज सात समुद्रांपलीकडचा असला, आणि आपले मराठी लिखाण त्याच्या दृष्टीस कधीच पडणार नसले, तर लेखकाला स्वतःच्या विवेकावाचून दुसरा मुद्रितशोधक उरत नाही.

हा प्रश्न मजपुढे तात्त्विक म्हणून आलेला नाही, कामाच्या ओघात आला. गेली दोन वर्षे मी फ्रेडरिक डग्लस यांच्या आत्मवृत्ताचा मराठी अनुवाद करीत आहे. हे गृहस्थ अमेरिकेतील मेरीलँड राज्यात १८१८ च्या सुमारास गुलाम म्हणून जन्मले. 'सुमारास' म्हणण्याचे कारण असे की, गुलामाला त्याची जन्मतारीख सांगण्याची चाल नव्हती, आणि ही गोष्ट आपल्याला लहानपणी किती लागली होती हे त्यांनी पुस्तकाच्या आरंभीच सांगितले आहे. १८३८ मध्ये ते पळून उत्तरेकडे गेले आणि १८४५ मध्ये हे छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध करून त्यांनी दोन्ही खंडांतील वाचकांस हलवून सोडले. इंग्रजीची अडचण मला फारशी पडली नाही. तीस वर्षे ती भाषा शिकवूनच मी संसार केला आहे. अडचण पडली ती माझ्या मायबोलीची. या लोकांना मराठीत म्हणावयाचे तरी काय?

हाताशी चार शब्द होते: हबशी, नीग्रो, काळा आणि कृष्णवर्णीय.

पैकी 'हबशी' हा आपल्या भाषेत पुरता मुरलेला शब्द. अरबीतील 'हबश', म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया, या देशनामावरून तो आला. देशनाम म्हणून त्यात निंद्य असे काहीच नव्हते. निजामशाहीचा डोलारा सावरणारे आणि १६१० मध्ये खडकी नगर वसविणारे मलिक अंबर हबशी होते. जंजिऱ्याचे सिद्दी हबशी होते, आणि त्यांचे संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकले. बखरकारांच्या लेखी हबशी हा शत्रू खरा, पण दरारा वाटावा असा शत्रू. पुढे दर्यावरचा तो दरारा गेला, शब्द तेवढा मागे राहिला, आणि घरातल्या काळ्यासावळ्या, कुरळ्या केसांच्या पोराला चिडविण्याच्या कामी आला. शब्दांची पडझड राज्यांच्या पडझडीमागून होते, ती अशी. शिवाय अमेरिकेतील लोकांस हा शब्द वस्तुस्थितीने लागूही पडत नाही. त्यांचे पूर्वज बहुतांशी आफ्रिकेच्या पश्चिम व मध्य-पश्चिम किनाऱ्याकडून नेलेले. त्यांस हबशी म्हणणे म्हणजे कोकणातल्या माणसाला काबुली म्हणण्यापैकीच आहे.

'नीग्रो' या शब्दाची कथा अधिक लांबीची आहे, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत याचा अर्थ नुसता 'काळा'. गुलामांच्या व्यापाऱ्यांनी हा शब्द इंग्रजीत आणला. म्हणजे तो दुसऱ्यांनी दिलेला. ज्यांना तो लावला जात होता त्यांना पहिल्याने जो शब्द आपला वाटला तो 'आफ्रिकन'. १८१६ मध्ये फिलाडेल्फिया येथे रिचर्ड ॲलन यांनी गोऱ्यांच्या वर्चस्वाबाहेर स्वतंत्र धर्मपीठ स्थापिले, त्याच्या नावात 'आफ्रिकन' हा शब्द अभिमानाने घातला. परंतु त्याच वर्षी स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत नेऊन वसविण्याची खटपट करणारी एक मंडळी निघाली. 'आम्ही आफ्रिकन' असे म्हणावे, तर 'मग आफ्रिकेतच जा' हे उत्तर तयार! तेव्हा पुष्कळांनी तो शब्द मागे घेऊन 'कलर्ड', म्हणजे 'रंगाचे', हा मवाळ शब्द पत्करला. १९०९ मध्ये निघालेल्या त्यांच्या हक्कांच्या सुप्रसिद्ध राष्ट्रीय संघटनेच्या नावात हा शब्द आजही आहे. मग नव्या पिढीला तो मिळमिळीत वाटू लागला आणि तिने 'नीग्रो' हाच शब्द उचलून, झाडूनपुसून मानाने वापरण्यास आरंभ केला. १९६६ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीतील एका मोर्चात स्टोकली कारमायकेल यांनी 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली आणि वारे पुन्हा फिरले. जो 'ब्लॅक' शब्द त्यांच्या आजोबांना शिवीसारखा लागे तो नातवांनी छातीवर मिरविला, आणि 'नीग्रो' हा लाचारांचा शब्द ठरला. १९८८ मध्ये जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन-अमेरिकन' या नावाचा पुरस्कार केला. सरकारी कागद नेहमीप्रमाणे सर्वांच्या मागून आला. २०१० च्या अमेरिकन जनगणनेच्या नमुन्यावर 'नीग्रो' हा शब्द अजून होता. तेथील केंद्रीय कायद्यांतून तो वगळणाऱ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांची सही २०१६ मध्ये झाली.

ही एवढी वंशावळ ऐकून आमचे एक सहाध्यापक, संस्कृतचे मोठे व्यासंगी, मिस्कीलपणे म्हणाले, "अहो, यांनी दर पंचवीस वर्षांनी नाव बदलावे आणि आपण दर पंचवीस वर्षांनी कोश बदलावा की काय? नाव बदलल्याने गाव बदलत नाही." त्यांनी दाखलाही अस्सल घरगुती दिला. घरातील एका अत्यावश्यक जागेस आपण शौचकूप म्हटले, संडास म्हटले, शौचालय म्हटले, प्रसाधनगृह म्हटले, आता स्वच्छतागृह म्हणतो. प्रत्येक नवा शब्द चार दिवस स्वच्छ राहतो आणि मग त्याला जुनाच वास येऊ लागतो.

हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विशेष म्हणजे तो एका फार मोठ्या माणसाने, आणि तेही त्याच समाजातील माणसाने, पूर्वीच घेतलेला आहे. १९२८ मध्ये एका शाळकरी मुलाने 'द क्रायसिस' या मासिकाकडे तक्रार केली, की आपल्या लोकांना 'नीग्रो' हे गोऱ्यांनी दिलेले नाव तुम्ही का लावता? संपादक होते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस. त्यांनी उत्तरादाखल जे लिहिले त्याचा आशय असा: मुला, नाव आणि वस्तू यांची गल्लत करू नकोस. आज सर्वांनी मिळून आपले नाव पालटले, तर उद्या आपल्याविषयीचा तिरस्कार पळून जाईल काय? तो नव्या नावाला चिकटेल. शरम वाटावयाची तर ती नावाची कशाला?

आमच्या सहाध्यापकांना हे उत्तर दाखविले असते तर ते आनंदाने डोलले असते. तथापि या उत्तरातील मेख अशी आहे की, ते डु बॉइस यांनी दिलेले आहे. घरातल्या वडील माणसाने मुलाला "नावाचे काय घेऊन बसलास?" असे म्हणणे निराळे आणि शेजाऱ्याने कुंपणावरून तेच म्हणणे निराळे. आपल्या नावाविषयी बेफिकीर होण्याचा अधिकार ज्याचे नाव त्याचा. मी पुण्यात बसून, ज्या माणसाने शिवी कधी ऐकली नाही अशा सुखवस्तू आवाजात, "नावात काय आहे?" असे विचारू लागलो, तर त्याला तत्त्वज्ञान म्हणत नाहीत, आळस म्हणतात. शब्द बदलले तेव्हा तेव्हा त्या लोकांनी छंद म्हणून बदललेले नाहीत. परिस्थितीने एकेक दार लावून घेतले, तसतसे ते दुसऱ्या दाराशी गेले. 'आफ्रिकन' म्हटले तर हाकलून देण्याची भीती, 'कलर्ड' म्हटले तर लाजल्यासारखे, 'नीग्रो' म्हटले तर पुढाऱ्यांच्या अर्जविनंत्यांचा वास. या नामांतरांची यादी हाच त्या समाजाचा संक्षिप्त इतिहास आहे. त्यांनी फार नावे बदलली असे कुरकुरणाऱ्याने, ती बदलावी का लागली, हेही विचारले पाहिजे.

आणि हा विचार मराठी माणसाला मुळीच नवा नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली ती अमेरिकेतील दास्य नाहीसे करण्यासाठी झटलेल्या तेथील सज्जनांना अर्पण करून. तेव्हापासून हा धागा तुटलेला नाही. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहिले, त्यात अस्पृश्यांची आणि अमेरिकेतील त्या समाजाची स्थिती किती सारखी आहे हेच सांगितले आहे. १९७२ मध्ये मुंबईत निघालेल्या दलित पँथरने तर अर्धे नाव कॅलिफोर्नियातील ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले. आणि दुसरे अर्धे, 'दलित' हे, आपल्या मातीतून. नावाचा तंटा आपल्याकडेही असाच झालेला आहे. 'हरिजन' हे नाव गांधीजींनी प्रचारात आणले ते तुच्छतेने नव्हे, मायेने. तरीही १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकाच्या द्वारे त्या नावाला सरकारी शिक्का मिळण्याची वेळ आली, तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या पक्षाने विरोध केला आणि सभात्याग केला. ज्यांचे नाव ठेवावयाचे त्यांचे ऐकले जात नव्हते, हे त्यांचे दुःख होते. बारशाला बाळाची संमती लागत नाही हे खरे. पण प्रौढ माणसाचे बारसे दुसऱ्याने करू नये, मग तो पाळण्याला कितीही सुंदर फुले बांधो.

एवढे ठरल्यावर 'नीग्रो' हा शब्द माझ्या स्वतःच्या वाक्यांतून गेला. उरले 'काळा' आणि 'कृष्णवर्णीय'. अर्थ पाहू गेले तर दोन्ही एकच. मग पहिला उच्चारताना जीभ का अडखळते आणि दुसरा का सहज येतो? याचे उत्तर अमेरिकेत नाही, आपल्या दिवाणखान्यात आहे. काळे तोंड, काळा बाजार, काळे कृत्य, काळी यादी: आपल्या भाषेने या रंगाला जेवढी म्हणून दुष्कृत्ये चिकटवावीत तेवढी चिकटविली आहेत. आपला विठोबा काळा, आपल्या कृष्णाच्या नावाचाच अर्थ काळा. पण वधूवरांच्या जाहिरातींत मुलगी गोरी पाहिजे. देवाला जो रंग शोभतो तो सुनेला चालत नाही. म्हणून हा रंग माणसाला लावण्याची वेळ आली की आपण संस्कृतचा आश्रय करतो आणि 'कृष्णवर्णीय' म्हणतो. अमेरिकेतील लोकांनी 'ब्लॅक' हा रोकडा शब्द निवडला तो याच लाजेवर पाय देऊन उभे राहण्यासाठी. आणि आपण अनुवादात त्याच्यावर शालजोडी पांघरतो. हे सारे मान्य करूनही मी सामान्यतः 'कृष्णवर्णीय' हाच शब्द घेतला आहे, कारण मराठी वाचकाच्या कानात 'काळा' या शब्दामागे अजून अपमान उभा आहे, आणि तो तेथून हटविण्याचे काम ज्यांचे आहे त्यांच्या वतीने ते मला एकट्याने करता येणार नाही. मात्र जेथे ती माणसे स्वतः छाती पुढे काढून 'ब्लॅक' म्हणतात तेथे शाल काढून ठेवावी लागते. तेथे 'काळे' किंवा सरळ 'ब्लॅक' असेच लिहावे. आणि माणूस मूळचा नायजेरियाचा किंवा जमेकाचा आहे हे ठाऊक असेल, तर त्याला नायजेरियन किंवा जमेकन म्हणावे. ज्याला गाव आहे त्याला रंगाने ओळखण्याचे कारण काय?

येथपर्यंत आलो आणि मला वाटले की प्रश्न सुटला. सुटला नव्हता, खरा प्रश्न पुढेच होता.

तो कळण्यासाठी पुन्हा डु बॉइस यांच्याकडे वळले पाहिजे. इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे काढतात, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरून जातो. 'नीग्रो' हा शब्द मात्र अमेरिकन वृत्तपत्रे लहान अक्षराने छापीत. इंग्लिशमन, आयरिशमन मोठ्या अक्षराने आणि हा लहान, जणू एखाद्या वस्तूचे किंवा जनावराचे नाव. १८९९ मध्ये फिलाडेल्फियातील आपल्या बांधवांविषयी ग्रंथ लिहिताना डु बॉइस यांनी तळटीप घातली की, आपण हा शब्द मोठ्या अक्षरानेच लिहिणार, कारण ऐंशी लक्ष नागरिकांचा तेवढा हक्क आहे. पुढे या एका अक्षरासाठी संपादकांना वर्षानुवर्षे पत्रे गेली. अखेर मार्च १९३० मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते मान्य केले आणि तसे अग्रलेखात जाहीर केले. 'ब्लॅक' शब्दाच्या वाट्यालाही तोच वनवास आला. तेथील मोठ्या वृत्तसंस्थांनी आणि त्याच वृत्तपत्राने त्याचे पहिले अक्षर मोठे केले ते जून २०२० मध्ये. एका अक्षराची उंची वाढविण्यासाठी दोनदा लढाई!

आता देवनागरीत मोठे अक्षरच नाही. आपल्या लिपीत राजा आणि रंक एकाच उंचीचे. आपण सुटलो असे वाटून मला क्षणभर बरे वाटले. पण आपल्या भाषेत मोठे अक्षर नाही असे नाही. ते लिपीत नसून क्रियापदात आहे. 'साहेब आले' आणि 'शिपाई आला'. इंग्रजीत 'ही' म्हटले की राष्ट्राध्यक्ष आणि भिकारी एका सर्वनामाखाली बसतात. मराठीत दर वाक्याला निवड करावी लागते, तो की ते, आला की आले. आणि ही निवड आपण इतक्या सवयीने करतो की ती केल्याचे आपल्याला कळतही नाही.

हे मला स्पष्टपणे दाखविले ते माझ्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने. गुलामगिरीच्या काळातील एका अमेरिकन कथेचा जुना मराठी अनुवाद आम्ही मुळाशी ताडून पाहत होतो. अनुवादकाची भाषा रसाळ होती. 'नीग्रो' शब्दही त्याने जपून वापरला होता. या मुलीने पुस्तकातील केवळ क्रियापदे मोठ्याने वाचून दाखविली. मळेवाले आले, बसले, म्हणाले. साठीचा म्हातारा गुलाम आला, उभा राहिला, म्हणाला. मळेवाल्यांचा बारा वर्षांचा मुलगा? तो 'धाकटे धनी म्हणाले'. मूळ इंग्रजीत तिघांनाही एकच सर्वनाम होते. वर्ग स्तब्ध झाला. ती शांतपणे म्हणाली, "सर, माझ्या आजोबांना गावात सत्तराव्या वर्षीसुद्धा शाळकरी पोरे 'ए राम्या' म्हणून हाक मारीत. त्यांना जातीवरून कोणी शिवी दिलेली मी ऐकली नाही. तिची गरजच नव्हती."

त्या 'ए राम्या'चे अमेरिकेतील भावंड शोधावयास फार लांब जावे लागत नाही. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय पुरुषाला, त्याचे केस पिकले तरी, 'बॉय' म्हणत; स्त्रीला नुसत्या पहिल्या नावाने हाक मारीत. 'मिस्टर', 'मिस', 'मिसेस' ही बिरुदे गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली. १९६३ मध्ये अलाबामातील एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन या नागरी हक्कांच्या कार्यकर्तीला सरकारी वकिलाने 'मेरी' म्हणून प्रश्न विचारला. 'मिस हॅमिल्टन' म्हटल्यावाचून आपण उत्तर देणार नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायालयाचा अवमान झाला म्हणून पाच दिवसांची कैद आणि पन्नास डॉलर दंड अशी शिक्षा झाली. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६४ मध्ये ती शिक्षा रद्द झाली. या प्रसंगात वंशवाचक असा एकही शब्द उच्चारला गेला नव्हता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. 'मेरी' या नावात वावगे ते काय? वावगे जे होते ते गाळलेल्या शब्दात होते.

अनुवादकाला येथे आणखी एक चकवा आहे. त्याच दक्षिणेत वयस्क गुलामाला 'अंकल' आणि स्त्रीला 'आंटी' म्हणत. आपण म्हणू, किती आपुलकी! काका, मावशी ही आपल्याकडे सलगीची आणि मानाची संबोधने. पण तेथे 'मिस्टर' म्हणावयाचे नाही म्हणून शोधलेली ती पळवाट होती. १८५२ च्या स्टोवबाईंच्या प्रसिद्ध कादंबरीतील टॉमला आपण 'टॉमकाका' केले की मराठी वाचकाला माजघरातल्या काकांची आठवण होते, आणि मुळातला काटा लोण्यात बुडून जातो. शब्दाला शब्द बरोबर, आणि अर्थ उलटा!

तेव्हा मी स्वतःपुरता एक नियम केला. संवाद हे त्या काळच्या समाजाचे, निवेदन माझे. पात्रांच्या तोंडी जी भाषा होती ती तशीच राहील. धनी 'अरे' म्हणेल, गुलाम 'आपण' म्हणेल, आणि जी ओंगळ शिवी त्या काळी गोऱ्यांच्या जिभेवर खेळत असे तिचा कडवटपणाही मी पुसणार नाही. मार्क ट्वेन यांच्या 'हकलबेरी फिन'ची एक आवृत्ती २०११ मध्ये अमेरिकेत निघाली, तीत त्या शिवीच्या जागी सर्वत्र 'गुलाम' असा शब्द घातला. हेतू चांगला होता, शाळांतून पुस्तक हद्दपार होऊ नये असा. परंतु कायद्याने स्वतंत्र असलेल्या कृष्णवर्णीयालाही ती शिवी चुकत नसे. 'गुलाम' म्हटल्याने हे सत्य नाहीसे होते आणि बोलणाऱ्याचे तोंड फुकट धुतले जाते. जुन्या माणसांना आपण आपले शिष्टाचार उसने देऊ नयेत. त्यांच्या शब्दांचा हिशेब त्यांच्याच नावावर राहू द्यावा.

निवेदनात मात्र एकच तराजू. वयाने, नात्याने, प्रसंगाने जे एकेरी अथवा आदरार्थी यावयाचे ते येवो. रंगाने येता कामा नये. एकेरी म्हणजे अपमानच असेही नाही. आपण आईला 'तू' म्हणतो आणि देवालाही. डग्लस यांची आई दुसऱ्या मळ्यावर राबे. दिवसाचे काम संपवून बारा मैल चालत रात्री मुलाला भेटावयास येई आणि पहाटेपूर्वी परत जाई. तिला मी 'ती'च म्हटले आहे. तेथे 'त्या आल्या' असे लिहिले असते तर मुलाच्या आणि तिच्या मध्ये पाट मांडल्यासारखे झाले असते.

पण पुढे एक अवघड जागा येते. सोळा वर्षांच्या डग्लसना मालकाने कोव्ही नावाच्या शेतकऱ्याच्या हाती दिले. हट्टी गुलामांना मोडून वठणीवर आणण्याबद्दल या इसमाची ख्याती होती. त्याने मोडले, पार मोडले. आणि एका दिवशी या मुलाने उलटून त्याच्याशी दोन हात केले व पुन्हा कधी फटका खाल्ला नाही. त्या झुंजीच्या आधी सँडी जेंकिन्स नावाच्या एका जुन्या जाणत्या गुलामाने त्यांना आसरा दिला, धीर दिला. हे आत्मवृत्त आहे; स्वतंत्र झालेला माणूस मागे वळून बोलतो आहे. त्याने मराठीत कोव्हीला काय म्हटले असते? आणि सँडीला? मी लिहिले: 'सँडी म्हणाले' आणि 'कोव्ही म्हणाला'.

हस्तलिखित वाचणाऱ्या एका स्नेह्यांनी तेथे तांबडी रेघ ओढून शेजारी लिहिले, "गुलामाला आदरार्थी आणि मळेवाल्याला एकेरी? वाचकाला विचित्र वाटेल." मी त्यांना विचारले, "तुम्हांला यांतले कोणते विचित्र वाटले?" ते प्रामाणिक गृहस्थ आहेत. थोडा वेळ विचार करून म्हणाले, "खरे सांगू? कोव्हीला एकेरी चालून गेले असते. खलपुरुषाला आपण म्हणतोच. 'सँडी म्हणाले' येथे माझी नजर अडली." मला वाटते, त्या अडण्यासाठीच ते वाक्य तसे राहू द्यावे. ज्या वाचकाची नजर तेथे अडणार नाही असा वाचक पुढे जन्मेल. तोवर या रेघेला माझी हरकत नाही.

डग्लस हे नाव तरी त्यांना कोठे जन्मतः मिळाले होते? जन्माचे आडनाव बेली. पळून न्यू बेडफर्ड येथे पोचल्यावर ज्या कृष्णवर्णीय गृहस्थाने त्यांना घरात घेतले तो सर वॉल्टर स्कॉट यांचे काव्य वाचीत होता. त्यातील नायकाचे नाव त्याने सुचविले. 'फ्रेडरिक' मात्र त्यांनी सोडले नाही. तेवढे आपलेपण राहू द्या, म्हणाले. दुसऱ्याने सुचविलेले नाव त्यांनी घेतले, कारण त्यांना विचारले गेले होते आणि नाही म्हणण्याची मोकळीक होती. मला वाटते, समाजांच्या नावांविषयी एवढेच पथ्य पुरेसे आहे.

माझे शब्दही कायमचे नाहीत, हे मी जाणून आहे. 'कृष्णवर्णीय' हा आज सभ्य वाटणारा शब्द उद्या कदाचित नकोसा होईल, आणि तसे झाले तर तो वाचकांच्या लहरीने होणार नाही, कोणाला तरी तो कोठे तरी टोचला म्हणून होईल. म्हणून अनुवादाच्या प्रस्तावनेत, शब्दांची निवड कोणत्या विचाराने केली हे सांगून, त्याखाली साल घालण्याचे मी ठरविले आहे. पन्नास वर्षांनी कोणी या पुस्तकाची नवी आवृत्ती काढली तर त्याने माझे शब्द खुशाल बदलावेत. डग्लस यांचे बदलू नयेत. आणि सँडींचे क्रियापद पुन्हा एकेरी करू नये.